पाच सुरांचं हसू

सक्करदरा, नागपूर
९ एप्रिल १९८४

चि. सौ. सुभद्रा,
तुले अन् जावईबापूंले देवाभाऊचा जयभीम.

तुझं कार्ड भेटलं. शाळेत परीक्षा आल्या म्हणतेस, म्हणजे तुलेही दम नसंल. इकडे आमची लगनसराई सुरू झाली. काल एका दिवसात तीन वराती वाजवल्या. ओठ असे सुजले की सकाळी आईनं चहा बशीत ओतून थंड करून देल्ला. आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेते. भाची म्हणून तुझ्यावर तिचा जीव माझ्याहून जास्त आहे.

आता ज्याच्यासाठी पाकीट आणलं ते सांगतो. माझ्या चालीची कॅसेट निघाली! इतवारीत मुकुंद म्हणून एक जण आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत गाणी भरून विकतो. फेब्रुवारीत माझ्याकडे आला. म्हणे, "देवराव, बाजारी गाणं आहे, चाल बांधून दे अन् क्लॅरनेट तूच वाजव." शब्दाचा कागद हातात देल्ला. मी मात्रा मोजल्या अन् कागद खिशात टाकला. तुले तर माहीत आहे मी कसा आहे. मामाच्या घरी आपण गाणी म्हणत होतो तेव्हा चाल माझी राहे अन् शब्द तू सांगत जाय. मले आजही कोणतं गाणं शब्दासहित येत नाही. माणूस गाते तेव्हा मले त्याचा आवाज वर जाताना, खाली येताना दिसते. तो काय म्हणून राहिला ते कानातून निघून जाते.

या चालीत मी एक गंमत केली. प्रत्येक ओळ संपली की क्लॅरनेट हसते. खरंच हसते वं! वरच्या निषादावरून पंचमापर्यंत, मधले कोमल धरून पाच सूर, जिभेनं तोडून तोडून. ही-ही-ही-ही-ही. ढोलकवाल्यानं ढोलक सोडून मले टाळी देल्ली.

पण लोकांची किळस येते. काल वरातीत तेच गाणं वाजवलं तर सारे शब्द बोंबलून राहिले होते. एक जण तर नाचत नाचत माझ्या तोंडाशी आला, दारूचा भपकारा मारते, अन् गाण्याची ओळ माझ्याच तोंडावर थुंकल्यावाणी म्हणते. दात काढून राहिले होते सारे. पाच सुरांचं ते बारीक काम एकाच्याही कानात शिरलं नाही. शब्दावर जगणारी डुकरं सारी.

गाणं तुमच्याकडचंच आहे. बेलखेडीच्या बाजूची ऑर्डर होती असं मुकुंद म्हणे. संत्र्याच्या बागेचं आहे काहीतरी. तिकडे वाजते का? वाजलं तर शब्द सोडून दे, चाल ऐक, अन् खरं खरं लिही.

तुझा
देवाभाऊ


बेलखेडी, नरखेड
१८ एप्रिल १९८४

ती. देवाभाऊस,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. परीक्षेचं कारण सांगता येईल, पण खरं तर दोनदा लिहायला बसले आणि उठले.

गाणं इथे वाजतं. रोज वाजतं. पानठेल्यावर वाजतं, एस.टी.च्या थांब्यावर वाजतं, आणि गोपाळरावांच्या बागेत संत्री निवडायची जी शेड आहे तिच्यावर भोंगा बांधलाय, तिथे सकाळी सातपासून वाजतं. आमच्या वस्तीचं तोंड त्या बागेकडे आहे. खिडकी लावली तरी ऐकू येतं.

तू विचारलंस म्हणून सांगते. मला गाणं आवडलं नाही. तो शब्दांचा कागद अजून तुझ्याकडे असेल तर एकदा वाच. वाचून मला लिही.

माझी तब्येत ठीक नाही. जेवण समोर आलं की मळमळतं. सकाळी तर पाणीही पोटात ठरत नाही. हे म्हणतात की सुट्टीत चार दिवस नागपूरला आत्याकडे जाऊन ये. पण मला सध्या इथून हलता येणार नाही. कारण भेटीत सांगेन.

आत्याला नमस्कार.

तुझी
सुभद्रा


सक्करदरा, नागपूर
२७ एप्रिल १९८४

चि. सौ. सुभद्रा, जयभीम.

तुझं पत्र आईले वाचून दाखवलं. मळमळते, पाणी ठरत नाही म्हटल्यावर आईनं कपाळाले हात लावला अन् हसाले लागली. म्हणे, "तुले समजत नाही का गा? इतक्या वर्षानं पोरीची कूस उजवली." मी तर खूश झालो. तू काहून लपवतेस? एवढी शिकलेली तू, अन् लाजतेस! आई म्हणे आंबट खाऊ दे, ओझं उचलू नको म्हणा.

गाणं तुले आवडलं नाही याचं वाईट वाटलं, पण समजू शकतो. तू मास्तरीण, तुले वंदनेच्या चाली पाहिजेत. बाजारी गाणं म्हणजे त्यात थोडं वावगं राहतेच. कागद विचारशील तर तो शर्टासंगं धुण्यात गेला. लगदा निघाला त्याचा.

आता खुशखबर ऐक. सहा मे रविवारी आमचा बँड तुमच्या बेलखेडीलेच येऊन राहिला! गोपाळरावाच्या पुतणीचं लगन आहे. त्यांनी मुद्दाम सांगितलं म्हणे की तो क्लॅरनेटवाला पाहिजेच, तेच गाणं वाजवणारा. पहिल्यांदा कोणीतरी माझ्या वाजवण्यासाठी बोलावून राहिलं. वरात झाली की तुझ्या घरी येतो. आईनं तुझ्यासाठी संत्रा बर्फी अन् कैरीचं लोणचं बांधून ठेवलं आहे.

तुझा
देवाभाऊ


बेलखेडी, नरखेड
८ मे १९८४

देवाभाऊ,

परवा संध्याकाळी तू आमचं दार वाजवलंस. "सुभद्रा, वं सुभद्रा" म्हणून तीन हाका मारल्यास. मी आतच होते. दाराला पाठ लावून बसले होते. बर्फीचा डबा तू उंबऱ्यावर ठेवून गेलास, तो सकाळी मुंग्यांनी भरला होता. मी तो तसाच उकिरड्यावर टाकला. आत्याला हे सांगू नकोस.

मला दिवस गेलेले नाहीत. मला किळस येते म्हणून अन्न जात नाही. आता सगळं लिहिते. आधीच लिहायला हवं होतं, पण मला वाटलं तू कागद वाचशील आणि मला तोंडानं सांगावं लागणार नाही.

आमच्या वस्तीत रुपराव म्हणून आहेत, त्यांची मुलगी प्रेमिला. एकोणीस वर्षांची. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती गोपाळरावांच्या शेडमध्ये संत्री निवडायला जात होती. एक दिवस दुपारी बाकीच्या बाया विहिरीवर जेवायला गेल्या होत्या. गोपाळरावांच्या धाकट्या मुलानं, मधुसूदननं, तिला पेट्यांच्या मागे ओढलं. तिनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला आणि फाटलेल्या बाहीनं वस्तीपर्यंत धावत आली. धावताना तिला दोन बायांनी पाहिलं. तिला लिहिता येत नाही. फिर्याद मी लिहून दिली. तिनं अंगठा केला, आणि साक्षीदारांत माझंही नाव आहे. केस उभी राहिली. तारीख १७ जुलै आहे.

वर्षभर त्यांनी सगळं करून पाहिलं. रुपरावांना धमकावलं, कामावरून बंद केलं, गोडही बोलले. पोरगी हलली नाही. मग मार्चमध्ये तुझं गाणं आलं.

तू शब्द ऐकत नाहीस, म्हणून मी लिहिते:

संत्र्याच्या बागेत गेली साळू,
फांदी धरली आपल्याच हातानं
अन् मले धरलं म्हणते, बाई, मले धरलं म्हणते!

पुढे तिच्या हिरव्या लुगड्याचं आहे, फाटक्या बाहीचं आहे. नाव तेवढं साळू घातलंय. गावात तीन वर्षांच्या पोरालाही माहीत आहे साळू कोण. तिसरं कडवं मी लिहीत नाही. ते तू स्वतः ऐक.

रविवारची वरात आमच्या वस्तीवरून जायचं काही कारण नव्हतं. वधूचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तरी ती मुद्दाम वळवली. रुपरावांच्या दारासमोर पाव तास थांबवली. तेच गाणं तीनदा झालं. आपल्याच वस्तीतली दोन पोरंही त्यात नाचली, देवाभाऊ. आणि तू पुढे होतास. डोळे मिटून वाजवत होतास. ओळ संपली की मान वर करून ते हसू काढत होतास, आणि सगळी वरात दाराकडे बोट दाखवून तुझ्याबरोबर हसत होती. मी रुपरावांच्या घरात होते. प्रेमिला चुलीजवळ बसली होती, पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता. तो काढून मला म्हणाली, "बाई, तो क्लॅरनेटवाला कोन हाय? लय दम हाय त्याच्यात."

मी सांगितलं नाही.

सुभद्रा


सक्करदरा, नागपूर
१४ मे १९८४

सुभद्रा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बँडवर गेलो नाही. शेजारून टेप मागून आणला. कॅसेट लावली, कागद-पेन घेऊन बसलो, अन् जन्मात पहिल्यांदा एका गाण्याचे शब्द लिहून काढले. एक ओळ ऐकायची, बंद करायचं, लिहायचं. खरं सांगतो, माझा कान पुन्हा पुन्हा सुराकडेच पळून राहिला होता. तिसऱ्या कडव्यावर आलो:

अंगठा साळूचा, शाई बाईची,
कागद भरते मास्तरीण,
दिवसा शिकवते क का कि की,
सांजेले कोणाची शेजारीण!

मागे आई केव्हा येऊन उभी राहिली मले समजलं नाही. म्हणे, "हे कोनावर हाय?"

मी म्हटलं, "आई, तू जाय आत."

"मास्तरीण म्हणते ते कोनाले?"

तिनं माझ्या हातातला कागद घेतला. तिले वाचता येत नाही, पण कागदाकडे पाहून राहिली. तेवढ्यात टेपवर माझं ते हसू वाजलं. आईनं टेपचं बटन नाही दाबलं, वायरच भिंतीतून उपटली. म्हणे, "हे तर तुझं वाजवनं हाय. तुझा दम मी झोपेतही ओळखते." मग आत जाऊन भांडे घासाले बसली. घासलेलेच भांडे पुन्हा घासून राहिली होती. तेव्हापासून माझ्यासंगं बोलली नाही. ताट वाढते अन् उठून जाते.

दुसऱ्या दिवशी मुकुंदकडे गेलो. म्हटलं, कॅसेट बंद कर. तो हसाले लागला. "काहून बंद करू गा? हजार गेल्या, अन् लोकांनी कॉपी काढल्या त्या वेगळ्याच. अमरावतीपर्यंत पोहोचलं तुझं गाणं. आता कोणाच्या बापाच्यानं बंद नाही होत." त्याच्या टेबलावर अर्धा खाल्लेला समोसा होता, त्यावर माशा बसल्या होत्या. तो बोलता बोलता माशा हाकलून तोच खात होता. मले वाटलं, मीही हेच केलं.

पण सुभद्रा, एक मान. मले माहीत नव्हतं. शब्द त्यांचे होते, मी फक्त चाल बांधली. सुराले पाप नसते वं. हीच चाल दुसऱ्या शब्दाले लागली असती तर तूच गुणगुणली असती. मी ऐकलंच नाही. तू मले लहानपणापासून ओळखतेस.

देवराव


बेलखेडी, नरखेड
२१ मे १९८४

देवाभाऊ,

तिसऱ्या कडव्याचं मला फार वाटलं नाही. माझ्या नोकरीला कोणी हात लावू शकत नाही, आणि हे माझ्या पाठीशी आहेत. वस्तीतल्या एका बाईनं मात्र आपली मुलगी माझ्या वर्गातून काढून घेतली. असो.

सुराला पाप नसतं म्हणतोस. मग इथे काय चाललंय ते ऐक.

आता गाण्याचे शब्द कोणी म्हणत नाही. गरजच राहिली नाही. प्रेमिला पाण्याला निघाली की कोणीतरी शीळ घालतो. फक्त तुझे ते पाच सूर. ही-ही-ही-ही-ही. पानठेल्यावरून घालतात, एस.टी.च्या खिडकीतून घालतात. परवा दळणाच्या गिरणीत एका म्हाताऱ्यानं घातली, तोंडात दात नाहीत त्याच्या. थुंकी उडाली तिच्या पिठावर. ती पीठ तिथेच टाकून आली.

मी तिला घेऊन ठाण्यात गेले. तिथला जमादार वाईट माणूस नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, गाणं म्हटलं असतं तर शब्द लिहून घेतले असते. शिळेले कोणतं कलम लावू? त्यात शिवी कुठं आहे?" शब्दांना निदान कागदावर धरता येतं, देवाभाऊ. तुझ्या सुरांना कुठे धरू?

दोन साक्षीदार बायांपैकी सिंधूताई परवा येऊन सांगून गेली की ती कोर्टात येणार नाही. म्हणाली, "माह्याही पोरीचं लगन कराचं हाय. तिच्यावर गाणं निघालं तर?"

आणि एक विचारते. मी चार दिवस यावरच विचार करतेय. ते हसू प्रत्येक ओळीनंतर एकसारखं नाही. "फांदी धरली" नंतर लहान आहे. "मले धरलं म्हणते" नंतर पूर्ण पाच सुरांचं, तोंड भरून आहे. हिरव्या लुगड्याच्या ओळीवर जरा लांबवलंय. जिथे घाण सगळ्यात जास्त, तिथे हसू सगळ्यात मोठं. मला संगीत कळत नाही, पण एवढं कळतं. शब्द ऐकलेच नव्हतेस, तर कुठे किती हसायचं हे तुला कोणी सांगितलं?

सुभद्रा


सक्करदरा, नागपूर
२ जून १९८४

सुभद्रा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायले बारा दिवस लागले. पाच-सहा पत्रं फाडली. आता जे लिहून राहिलो ते खरं आहे.

ऐकलं होतं.

सारं नाही, पण ऐकलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी खोलीत आम्ही सहा-सात जण होतो. पंखा बंद, आवाज येते म्हणून. गाणाऱ्यानं पहिल्यांदा ओळ म्हणून दाखवली, "मले धरलं म्हणते", अन् सारे खिदळले. मीही हसलो. काहून हसलो ते मले विचारू नको. सारे हसले म्हणून हसलो. कोणत्या तरी पोरीची टिंगल आहे, हे समजत होतं. कोणती पोरगी, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर वाजवता आलं नसतं, हेही तेव्हा कुठंतरी माहीत होतं. त्या खोलीतलं ते हसू इतकं चांगलं उठलं होतं की मी तेच क्लॅरनेटवर उचललं. ते पाच सूर मी नाही शोधले वं. त्या माणसांच्या तोंडातून निघाले होते. मी फक्त साफ करून देल्ले.

"मी शब्द ऐकत नाही" असं मी इतकी वर्षं सांगत आलो की मलेच ते खरं वाटाले लागलं. सोय आहे ती माझी. ज्या वरातीत जाऊ नये तिथं जाता येते.

अजून एक आहे. ते तुझ्यापासून मुद्दाम लपवलं होतं. खोलीत एक जण स्टुलावर बसला होता, पांढरा सफारी घातलेला. ऑर्डर त्याची होती. मी पहिल्यांदा ते हसू वाजवलं तेव्हा तो उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला, म्हणे, "वा मास्तर! अजून एकदा हसवा तिले. लांब हसवा." ताल धरत होता मांडीवर. त्याच्या मनगटावर अर्धगोल वण होता. मी पाहिला, अन् कुत्रं चावलं असंल म्हणून सोडून देल्लं. सहा मेले तुमच्या गावात तोच माणूस वरातीच्या पुढं होता. गोपाळरावाचा मधुसूदन म्हणून लोक हाका मारत होते. तुझं पत्र वाचताना लचक्याचं आलं तिथं मी थांबलो अन् पुढचं वाचायले एक घंटा लागला.

सरकारी वकिलाले सांग. गाणं त्यानं स्वतः बसून करून घेतलं, मी पाहिलं, मी वाजवलं. कोर्टात उभा राहून सांगतो. आमचे बँडमास्तर मले काढून टाकतील, ते होऊ दे.

प्रेमिलेले मी कोण ते अजून सांगितलं नसशील तर आता सांगून टाक. कोर्टात दिसण्याच्या आधी तिले समजलं पाहिजे.

देवराव


सक्करदरा, नागपूर
२५ जुलै १९८४

सुभद्रा, जयभीम.

कोर्टातून तसाच बसस्टँडवर गेलो, तुले भेटलो नाही. माफ कर. तू प्रेमिलेजवळ उभी होतीस अन् मले तिच्यासमोर येणं जमलं नाही.

त्यांच्या वकिलाचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. "तुम्ही तर शब्दांकडे लक्ष देत नाही म्हणता. मग गाणं टिंगलीचं आहे हे कसं समजलं?" मी म्हटलं, "समजलं होतं साहेब. म्हणून तर हसवलं." लोक हसले. त्याले वाटलं मी सापडलो. म्हणे, "मग वाजवून नाही, तोंडानंच करून दाखवा ते हसू. कोर्टाले कळू द्या एवढं काय आहे त्यात." माझी जीभ टाळूले लागली होती, सुभद्रा. एवढ्या वर्षांची सवय, कोणी वाजव म्हटलं की ओठ आपोआप गोल होतात. झाले होते. मग नजर प्रेमिलेकडे गेली. ती माझ्या ओठांकडे पाहून राहिली होती. मी हाताच्या पंज्यानं तोंड झाकलं अन् म्हटलं, "नाही करत." न्यायाधीश म्हणाले, गरज नाही, पुढं चला. ते म्हणाले नसते तर काय झालं असतं कोण जाणे.

बँडमास्तरांनी दुसऱ्याच दिवशी वर्दी वापस मागितली. मी धुवून, इस्त्री करून देल्ली. सध्या घरीच आहे. क्लॅरनेट पेटीत आहे. एकदा काढलं, ओठाले लावलं, तर तोंडात असं पाणी सुटलं की जसं ओकारीच्या आधी सुटते. तसंच ठेवून देल्लं. आई आता बोलते. कोर्टात काय काय झालं ते तिनं सारं विचारून घेतलं. शाबास म्हटलं नाही. एवढंच म्हणे, "ताट वाढते, बस."

मले एकदा प्रेमिलेची माफी मागायची आहे. समोर बसून, तिच्या मायबापाच्या देखत. १२ ऑगस्टले रविवार आहे, त्या दिवशी येतो. अन् एक चाल मनात येऊन राहिली आहे, साधी, हळू. क्लॅरनेटवर नाही, नुसती गळ्यानं म्हणायची. तिच्यासाठी. शब्द तू लिहिशील का? चांगले लिही. या वेळी मी प्रत्येक शब्द पाठ करीन. ती चाल गावात गेली तर ती दुसरी आपोआप मरंल, असं मले वाटते.

देवाभाऊ


बेलखेडी, नरखेड
६ ऑगस्ट १९८४

ती. देवाभाऊस,
सप्रेम जयभीम.

निकाल लागला. मधुसूदनला तीन महिने कैद आणि दंड. सिंधूताई शेवटपर्यंत आली नाही, पण दुसरी बाई टिकली आणि प्रेमिला टिकली. निकालात तुझ्या साक्षीचा उल्लेख आहे. फिर्यादीला नामोहरम करण्यासाठी आरोपीनं गाणं करवून घेतलं, असं त्यात लिहिलंय. तो लगेच जामिनावर सुटला आहे, वर अपील करणार. शेडवरचा भोंगा काढला. शिळा कमी झाल्या आहेत, थांबल्या नाहीत. आपल्या वस्तीतल्या त्या दोन पोरांपैकी एकानं रुपरावांचे पाय धरले. दुसरा समोरून जाताना रस्ता बदलतो.

प्रेमिला पुढच्या आठवड्यात भिवापूरला मावशीकडे जातेय. तिथे मिरचीचे देठ खुडण्याचं काम मिळतं. मी म्हटलं, आता तर जिंकलीस, आता कशाला जातेस? ती म्हणाली, "बाई, तिकडं ते कोनी ऐकलं नसंल. दोन महिने तरी."

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. माफीचं आणि नव्या चालीचंही. तू कोण आहेस हे मी जूनमध्येच सांगितलं होतं. काल संध्याकाळी स्वतःहून घरी आली आणि म्हणाली, मी सांगते तसं लिहा. मी लिहिलं. एकही शब्द बदललेला नाही.

"देवरावभाऊ, तुम्ही कोर्टात खरं बोलले. तुमचं काम गेलं. ते मी विसरनार नाही.

पन एक सांगतो. गाणं नवंनवं आलं तवा भोंग्यावर लांबून ऐकू ये. शब्द नीट समजत नव्हते. मले चाल आवडली. मी भाकरी थापता थापता ते हसू तोंडानं करून राहिली होती. दोन दिवस केलं. माही लहान बहीन पन माह्यासंगं करे अन् आम्ही दोघी हासो. तिसऱ्या दिवशी माय बाहेरून ऐकून आली अन् तिनं माह्या तोंडावर हात ठेवला.

बाकीच्यांच्या तोंडाची घान येते ते मी सहन करतो. पन माह्या तोंडाची येते. वर्षभर मी कोनाले घाबरली नाही, पन भाकर थापाले बसली का ते आतून उठते. अजून उठते. मी बोळा कोंबतो.

तुमची नवी चाल चांगली असंल. तुमाले येते ते काम. पन ती मले आवडली तर मी काय करू? मले आता कोनतीच चाल आवडू द्याची नाही.

तुमच्या मायले माहा जयभीम सांगा. तुम्ही येऊ नका."

एवढं सांगून झाल्यावर तिनं कागद मागितला आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. मी उन्हाळ्यात तिला नावाची तीन अक्षरं शिकवली होती, ती तिनं गिरवली आहेत. "मि"ची वेलांटी चुकलीय. ती मी सुधारली नाही.

रविवारी येऊ नकोस.

तुझी
सुभद्रा